पदवी झाली, आता मुक्काम कुठे?
पुढचं शिक्षण, नोकरी आणि स्थलांतर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय 24, मेकॅनिकल बी.ई., सीजीपीए 7.8. दोन वर्षं चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, हातात 31 हजार येतात. जर्मनीत मास्टर्स करावं की गेट देऊन एम.टेक.? वडिलांनी सहा लाख बाजूला ठेवलेत. एजंट म्हणतो, जर्मनीत शिक्षण फुकट. आई-वडील मिरजेत दोघंच असतात.
(एक वाचक, चाकण)

उत्तर: ‘फुकट’ या शब्दापासूनच सुरुवात करू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरूह) युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी सेमिस्टरला 4,000 किंवा 6,000 युरो लावले. वाहनउद्योगासाठी ज्या शहरांची नावं तुमच्या कानावर आहेत, ती नेमकी हीच.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला 992 युरो हातात पडतात. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर हे बारा लाख झाले. ‘नुसते दाखवायचे पैसे’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाडं, विमा आणि जेवण यांत ते वर्षभरात संपतात आणि तिथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणावेळी पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवावी लागते. म्हणजे वडिलांचे सहा लाख हे पहिल्या वर्षाचे जेमतेम निम्मे पैसे आहेत.

तिथे काम करून भागेल का? विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. कागदावर आकडा चांगला दिसतो. पण पहिल्या सेमिस्टरला भाषा अडते, घर शोधण्यात आठवडे जातात आणि परीक्षेच्या काळात काम सुटतं. हिशेबात पहिले सहा महिने कमाई शून्य धरा.

आता गुण. तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 काठावर पास. तुमचे गुण ज्या सूत्राने बदलले जातात ते असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्ण या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. किमान उत्तीर्ण 4 असेल तर 7.8 चे 2.1 होतात, 5 असेल तर 2.32. बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ 2.5 वर असते, त्यामुळे तुम्ही दोन्हीकडे आत आहात, पण 7.2 वाल्याचं काय होतं ते याच सूत्राने करून बघा. किमान गुण किती, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. ते पत्र नसलं की तपासणारा स्वतःच आकडा धरतो.

अर्ज नाकारले जाण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र गुण नसून विषय जुळत नाहीत, हे असतं. गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन यांचे किती क्रेडिट हवेत हे अभ्यासक्रमाच्या नियमावलीत छापलेलं असतं. आपला सिलॅबस समोर ठेवून एकेक विषय जुळवा. हे काम एजंटवर सोडू नका, कारण तो अर्जांची संख्या मोजतो. एपीएस प्रमाणपत्राला (भारतातली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) 18,000 रुपये लागतात आणि ते यायला आठवडे जातात. युनि-असिस्टमार्फत (बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणारी सामाईक संस्था) पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. सहा अर्ज म्हणजे 225. ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी 15 जुलै ही तारीख सगळे सांगतात, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक ठिकाणी मे अखेर, काही ठिकाणी मार्चमध्येच दार बंद होतं.

शेवटचा आणि सर्वांत जड मुद्दा पदवीनंतरचा. नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. पण तुमचं क्षेत्र वाहनांचं आहे आणि तिथे सध्या ओहोटी आहे: फोक्सवागेनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारानुसार जर्मनीतल्या 35,000 हून अधिक जागा 2030 पर्यंत कमी होणार आहेत. अशा वेळी इंग्रजीवर भागवणाऱ्या नवख्याला कोणी आधी बोलावत नाही. शॉप फ्लोअरवरच्या क्वालिटीच्या कामात ऑपरेटरशी, पुरवठादाराशी दिवसभर बोलावं लागतं, त्यासाठी बी2 पातळीचं, म्हणजे अडखळल्याशिवाय बोलता येईल असं, जर्मन हवं. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गाने त्याच्या एक पायरी खालचं बी1 गाठायलाच दीड वर्षाच्या आसपास लागतं. तिथे गेल्यावर शिकू, असं म्हणणाऱ्यांचं शिकणं अभ्यासाच्या रेट्यात मागे पडतं.

एम.टेक.चं गणित साधं आहे. गेटवर प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन, दोन वर्षांत 2,97,600. त्याच्या बदल्यात आठवड्याला आठ तास शिकवण्याचं किंवा लॅबचं काम. हे विद्यावेतन कधीकधी दोन-तीन महिने रखडतं, तेवढी गंगाजळी जवळ ठेवा. सोडलेला पगार धरला (31 हजार गुणिले 24, म्हणजे 7,44,000) तरी कर्ज होत नाही. चौकशी करताना संस्थेचं सरासरी पॅकेज विचारू नका. थर्मल, डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग यांतल्या आपल्या शाखेत किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांना मेकॅनिकलचंच काम मिळालं, हे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा. सरासरीत कॉम्प्युटरवाल्यांचे पगार मिसळलेले असतात.

आमचं मत स्पष्ट आहे. यंदा गेट द्या. गुण तीन वर्षं चालतात. याच आठवड्यात जर्मनचा वर्ग लावा. बी1 चं प्रमाणपत्र हातात आलं आणि बारा लाखांची सोय घर गहाण न टाकता झाली, तरच अर्ज करा. नाहीतर एम.टेक. व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत राजीनामा देऊ नका. मात्र नोटीस 90 दिवसांची असेल तर ती कमी करून मिळेल का, हे एचआरला आधीच विचारून ठेवा. अनुभवाच्या पत्रात ‘क्वालिटी इंजिनियर’ एवढंच नको, कोणती मोजमापं आणि कोणत्या तपासण्या केल्या तेही लिहून घ्या.

आणि आई-वडिलांबद्दल. मिरजेत दवाखान्यांची वाण नाही, पण रात्री दोन वाजता सोबत कोण जाणार, हा प्रश्न दवाखान्याने सुटत नाही. पुण्याहून तुम्ही पहाटेपर्यंत पोचता, जर्मनीहून दोन दिवसांनी. जायचं ठरलं तर त्यांचा आरोग्यविमा, एक भरवशाचा शेजारी किंवा नातलग आणि आणीबाणीचे पन्नास हजार वेगळ्या खात्यात, ही व्यवस्था निघण्याआधी करा. त्यांच्याशी बसून, त्यांना विचारून.

प्रश्न: गेटचा निकाल लागला. कोआपवर नाव नोंदवलं की सगळ्या आयआयटींना अर्ज जातो ना? आणि पहिल्या फेरीत ऑफर आली तर काय निवडायचं?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर: नाही, जात नाही. प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. कोआप ही फक्त ऑफर येण्याची आणि स्वीकारण्याची खिडकी. एनआयटीसाठी सीसीएमटी ही निराळी प्रक्रिया. दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं इथे चुकतात.

ऑफर हवी तीच असेल तर ‘एक्सेप्ट अँड फ्रीझ’. बरी आहे पण वरची आशा आहे, तर ‘रिटेन अँड वेट’. ‘रिजेक्ट अँड वेट’ निवडलं की ती जागा गेली असं समजा. आधीच्या वर्षांचे फेरीनिहाय कटऑफ संस्था जाहीर करतात, ते आपल्या प्रवर्गाचे बघा. मुदतीत काहीच न निवडणं ही सगळ्यांत वाईट निवड.

प्रश्न: टी.वाय.बी.एस्सी. फिजिक्सला आहे. मला एम.एस्सी. करायचं आहे, घरचे म्हणतात आधी बी.एड. कर, इथेच शाळेत लागशील. पुण्या-मुंबईला पाठवायला तयार नाहीत.
(एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर: तुमच्या घरच्यांना सुरक्षित नोकरी हवी आहे, त्यात चूक काहीच नाही. पण क्रम उलटा धरला जातोय. माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एस्सी. आणि बी.एड. पुरतं, अकरावी-बारावीला शिकवायला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं. एम.एस्सी. आधी केलं तर शिक्षकी पेशाचं एकही दार बंद होत नाही, उलट एक वाढतं. बी.एड. आधी केलं तर दोन वर्षं फिजिक्स सुटतं आणि सुटलेलं गणित पुन्हा हाताशी यायला फार त्रास होतो. शिवाय बी.एड. झालं म्हणजे नोकरी लागली असंही नाही: शिक्षकभरती टेट परीक्षेवर (शिक्षकांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवर अवलंबून आहे आणि तिथल्या भरतीला वर्षानुवर्षं खंड पडतो. हे घरी शांतपणे सांगा.

परीक्षा जॅम. फेब्रुवारीत होते, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. आयआयटींच्या एम.एस्सी.चा रस्ता यातून जातो. गुण कमी पडले तर मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर आणि पुणे विद्यापीठाचा फिजिक्स विभाग हे कमी दर्जाचे पर्याय नाहीत. त्यांच्या प्रवेशाच्या तारखा वेगळ्या असतात, जॅमच्या निकालाची वाट बघत त्या चुकवू नका. तयारीत आपल्या मुलींची गाडी बहुधा मॅथेमॅटिकल मेथड्सवर अडते, कारण कॉलेजात त्यावर घाईने हात फिरवलेला असतो. तिथूनच सुरुवात करा आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

पुढे संशोधन करावंसं वाटलं तर सीएसआयआर नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. वडिलांना हा आकडा सांगा, पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षं घरून पैसे, हा समज त्याने जातो. आणि ‘पाठवणार नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘कुठे राहील ते माहीत नाही’ एवढाच असतो. विद्यापीठाच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहाचे नियम, खर्च, प्रवेशाची पद्धत लिहून न्या, जमलं तर आईला एकदा ते आवार दाखवून आणा.

प्रश्न: मुलाला अमेरिकेत डेटा सायन्समध्ये एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे. 40 लाखांचं कर्ज लागेल. बार्शीजवळ शेती आहे आणि गावात घर. काढावं का?
(एक पालक, बार्शी)

उत्तर: आधी एक गैरसमज दूर करू. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँका तारण मागतात, म्हणजे तुमचं घर.

हिशेब असा. चार सेमिस्टरला दहा-दहा लाख, व्याज 10 टक्के, शिक्षणाची दोन वर्षं आणि वर हप्ता न भरण्याचं एक वर्ष. या तीन वर्षांत सरळव्याज नऊ लाख होतं. 49 लाखांची फेड दहा वर्षांत करायची तर हप्ता महिना सुमारे 64,750 रुपये. तेच तीन वर्षांचं व्याज तुम्ही वेळच्या वेळी भरत राहिलात (सरासरी महिना 25,000) तर हप्ता 52,860 च्या आसपास येतो.

मुलाला डॉलरमध्ये पगार मिळाला तर हे कर्ज झपाट्याने फिटेल. पण तुम्ही प्रश्न दुसरा विचारायला हवा: तो दोन वर्षांनी परत आला तर? पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर मिळणारी कामाची परवानगी) एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयाला आणखी दोन वर्षं काम करता येतं, पण आधी कोणी नोकरी दिली पाहिजे. पुढचा एच-1बी हा नोकरीचा व्हिसा वर्षाला 85,000 पर्यंतच, मागणारे त्याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा महिन्याभराने आला. मुलगा वर्गात बसलेला असताना नियम असे बदलतात. त्यांवर तुमचा ताबा नाही, कर्जाच्या रकमेवर आहे.

म्हणून पुण्यात मिळू शकणाऱ्या पगारातून तो महिना 53 ते 65 हजार भरू शकेल का, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. दोन वर्षं भारतात काम करून आठ-दहा लाख साठवून जाणं, कमी शुल्काचं सरकारी विद्यापीठ निवडणं किंवा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का हे विद्यापीठाला विचारणं, यांपैकी एक तरी करा. आज आहे तसं घर गहाण टाकून पूर्ण 40 लाख काढू नका, असं आम्ही सांगू.

काढलंच तर: बँक कर्जासोबत एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी गळ्यात मारते आणि तो हप्ता कर्जात मिसळून त्यावरही व्याज लावते. मुलाच्या नावाची साधी टर्म पॉलिसी बँकेच्या नावे करून चालेल का, हे लेखी विचारा. आयकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत. आणि बँकेच्या कर्जातून थेट पाठवलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. कापला तर शाखेत जाऊन दाद मागा.