शेअर दलालीच्या धंद्यात डिजिटल तंत्रज्ञानाने नेमके काय बदलले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील जिल्ह्याच्या ठिकाणी अनेक वर्षे एका मोठ्या दलाल कंपनीचे सब-ब्रोकर (कमिशनवर ग्राहक आणून देणारे उपदलाल) म्हणून काम करतात, तरुण ग्राहक मोबाइलवरच्या ॲपकडे निघून गेले आहेत, आणि आता कर्ज काढून स्वतःचे ॲप तयार करून घ्यावे का, असे आपल्या मनात आहे. मी या धंद्याच्या बॅक ऑफिसमध्ये कागदी शेअर प्रमाणपत्रांच्या काळापासून काम केले आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: ॲपवर पैसे घालू नका. तंत्रज्ञान आज ना उद्या सगळ्यांच्याच हाती येते, पण ते येताना ग्राहक ज्या कामाचे पैसे मोजतो ते कामच बदलते, आणि जुन्या कामाच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची ज्याची तयारी असते तो पुढे जातो. दलालीच्या धंद्यात हे गेल्या तीस वर्षांत निदान दोनदा घडलेले आहे.

पहिली वेळ १९९४ सालची. तोपर्यंत मुंबई शेअर बाजाराच्या रिंगणात उभे राहून ओरडून सौदे होत आणि रिंगणात शिरण्याचा हक्क सभासदत्वाच्या कार्डाने मिळे. त्या कार्डाला मोठी किंमत होती, कारण खरा भाव काय चालू आहे हे ठाऊक असण्याची जागा तीच होती. सांगली किंवा नाशिकच्या गुंतवणूकदाराला फोनवर जो भाव कळे, तो बाजारात खरोखर तेवढाच होता की मधल्या कोणी त्यात आपले काही मिळवले होते, हे तपासण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाद्वारे जोडलेल्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू केले आणि देशभरातल्या दलालांना एकाच क्षणी एकच भाव दिसू लागला. मुंबई शेअर बाजारानेही हातावर हात ठेवले नव्हते; मार्च १९९५ मध्येच त्यांची ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली चालू झाली. तरीही १९९५ संपण्यापूर्वी उलाढालीत राष्ट्रीय बाजार पुढे निघून गेला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण संगणक दोघांकडेही होते. फरक रचनेत होता. राष्ट्रीय बाजाराची मालकी दलालांकडे नव्हती, त्यामुळे मुंबईबाहेरच्या दलालाला थेट सभासद करून घेताना कोणा जुन्या सभासदाचे नुकसान होईल याची चिंता त्यांना करावी लागली नाही. मुंबई शेअर बाजार दलालांच्याच मालकीचा होता आणि ‘बोल्ट’ सुरुवातीला मुंबईपुरतीच मर्यादित राहिली. एकदा सौदे एका पडद्यावर गोळा होऊ लागले की खरेदीदार तिथे येतो तो विक्रेता तिथे आहे म्हणून, आणि विक्रेता येतो तो खरेदीदार तिथे आहे म्हणून. मग मागे पडलेल्याने तीच यंत्रणा उभी केली तरी गर्दी परत येत नाही. याची सर्वांत मोठी किंमत प्रादेशिक बाजारांनी मोजली. पुणे शेअर बाजारासह देशातले बहुतेक प्रादेशिक बाजार आधी ओस पडले आणि बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१२ च्या धोरणानंतर एकामागून एक रीतसर बंदही झाले.

त्यानंतर आलेल्या डीमॅटने, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकीय खात्यात ठेवण्याच्या पद्धतीने, बॅक ऑफिसचे काम पार बदलले. कागदी काळात खरेदी केलेले प्रमाणपत्र हस्तांतरण अर्जासह कंपनीच्या निबंधकाकडे (भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे) पाठवायचे आणि विक्रेत्याची सही जुळत नाही म्हणून ते काही आठवड्यांनी परत आले की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून उलट्या साखळीने मूळ विक्रेत्यापर्यंत पोहोचवायचे, हा आमचा रोजचा उद्योग होता. तोवर त्या विक्रेत्याने सही बदललेली असे, नाहीतर गाव तरी. १९९६ मध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या डिपॉझिटरी, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्था, सुरू झाल्यावर हे काम करणाऱ्या माणसांची आणि ते नीट करून घेणाऱ्या दलालाच्या नावलौकिकाची गरज हळूहळू संपली. ग्राहक ज्या विश्वासाचे पैसे दलालाला देत होता, त्यातला मोठा भाग आता डिपॉझिटरी जवळजवळ फुकटात पुरवू लागली होती. त्या काळी हे फार थोड्या दलालांनी ओळखले.

आता दुसरी वेळ, जी आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे. इंटरनेटवरून शेअर खरेदी-विक्री भारतात २००० सालापासून आहे आणि आयसीआयसीआय डायरेक्टसारख्या सेवा तेव्हाच सुरू झाल्या. तरी पुढची दहा वर्षे दलाली पूर्वीसारखी टक्केवारीनेच आकारली जात राहिली. डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्याच्या सौद्यावर, अर्धा टक्का हा सर्रास दर होता, म्हणजे एक लाखाची खरेदी केली की पाचशे रुपये दलाली, मग सौदा फोनवरून होवो की ग्राहकाने स्वतः संगणकावर केलेला असो. संगणक एक लाखाच्या आणि दहा लाखांच्या सौद्याला सारखेच कष्ट घेतो, हे कंपन्यांना कळत नव्हते असे मुळीच नाही. पण त्या टक्केवारीवर शाखांचे भाडे, रिलेशनशिप मॅनेजरचे पगार आणि सब-ब्रोकरचा निम्म्याच्या आसपासचा वाटा अवलंबून होता; दर खाली आणणे म्हणजे स्वतःच्याच पगारपत्रकाला कात्री लावणे होते.

२०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिरोधाकडे शाखा नव्हत्या आणि सब-ब्रोकरांचे जाळेही नव्हते, म्हणून सौदा कितीही मोठा असो, फार तर वीस रुपये, असे ते सांगू शकले. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी डिलिव्हरीवरची दलाली शून्य केली. लोक याला उदारपणा समजतात, पण तो हिशेब होता: वर्षातून चार वेळा शेअर घेणारा ग्राहक फुकट ठेवायचा आणि दिवसातून कित्येक सौदे करणाऱ्या इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणे) व फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (पुढच्या भावावर लावलेले करार) ग्राहकाकडून वीस-वीस रुपयांनी उत्पन्न मिळवायचे. पुढे आधारवर आधारलेली ई-स्वाक्षरी आली, स्वस्त मोबाइल डेटा आला, आणि जिथे पूर्वी चाळीस-पन्नास पानी अर्जावर खुणेच्या प्रत्येक जागी सही घ्यावी लागे, तिथे खाते घरबसल्या उघडू लागले. मार्च २०२० च्या सुमारास देशात चार कोटींच्या आसपास असलेली डीमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. आपल्या वडिलांचे ग्राहक कोणी ‘पळवले’ असे म्हणण्यापेक्षा, नव्याने बाजारात आलेला माणूस त्यांच्या दारावरून कधी गेलाच नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

जुन्या कंपन्यांपैकी एंजलचे (आताचे नाव एंजल वन) उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. हजारो सब-ब्रोकरांचे जाळे असलेल्या या मुंबईच्या कंपनीने २०१९ मध्ये टक्केवारीऐवजी प्रति सौदा ठरावीक शुल्काची पद्धत स्वीकारली, म्हणजे आपल्याच जाळ्याचे उत्पन्न धोक्यात घातले, आणि त्यामुळेच ती पहिल्या काही कंपन्यांत टिकून राहिली. ज्यांनी ॲप उत्तम केले पण दरपत्रक जुनेच ठेवले, त्यांना त्या ॲपचा फारसा उपयोग झाला नाही.

मात्र स्वस्ताईने मिळवलेली आघाडीही कायमची नसते. म्युच्युअल फंडांच्या डायरेक्ट (वितरकाच्या कमिशनशिवायच्या) योजनांपासून सुरुवात केलेल्या ग्रो या कंपनीने २०२० मध्ये समभागांची सेवा सुरू केली आणि २०२३ मध्ये सक्रिय ग्राहकांच्या संख्येत झिरोधाला मागे टाकले, कारण नवा ग्राहक आधीपासूनच त्यांच्याकडे एसआयपीसाठी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्यासाठी, येत होता. शिवाय या धंद्यात नियामकाचा शब्द अखेरचा असतो. शेअर बाजार मोठ्या उलाढालीच्या दलालांकडून व्यवहार शुल्क कमी दराने घेत आणि दलाल ग्राहकाकडून वरच्या दराने घेऊन मधला फरक ठेवत. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांना एकच दर लावायला सांगितल्यावर ते उत्पन्न एका फटक्यात गेले आणि एंजल वनने डिलिव्हरीवर पुन्हा शुल्क सुरू केले. त्याच सुमारास, वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तोटा झाल्याचे सेबीच्या अभ्यासातून पुढे आले आणि त्यातल्या दर आठवड्याला संपणाऱ्या करारांवर निर्बंध आले. फुकट डिलिव्हरीचा डोलारा ज्या खांबावर उभा होता, तोच खांब नियामकाच्या डोळ्यात आला. या नफ्याच्या मुळाशी लोकांचा तोटा किती आहे, हे मला व्यक्तिशः अस्वस्थ करते, पण तो वेगळा विषय झाला.

मग आपल्या वडिलांच्या कार्यालयाने काय करावे? दरात स्पर्धा करू नये आणि ॲपसाठी कर्ज तर मुळीच घेऊ नये. त्या बाजारात उतरणाऱ्यांकडे जाहिरातीचा पैसा आपल्या कित्येक पट आहे. ॲपला जे जमत नाही, ते पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतरण बंद झाले आहे, तरी जिल्ह्याच्या गावांत कपाटांमधून वडिलांच्या, आजोबांच्या नावाची प्रमाणपत्रे आजही निघतात. नावात फरक, सही न जुळणे, एका धारकाचा मृत्यू, नामांकन नसणे, सलग सात वर्षे लाभांश न घेतल्याने शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होणे: यातल्या प्रत्येक प्रकरणात कंपनीचा निबंधक, नोटरी, कधी न्यायालय आणि शेवटी दावा अर्ज असा महिनोन्‌महिने चालणारा पाठपुरावा असतो. तो करणारा जवळचा माणूस कुटुंबाला हवा असतो आणि त्यासाठी रीतसर मोबदला देण्याची त्यांची तयारी असते. त्याच कुटुंबाची म्युच्युअल फंडांची गुंतवणूक वितरक म्हणून सांभाळली तर दर महिन्याला थोडे पण बेभरवशाचे नसलेले ट्रेल कमिशन (गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणारे कमिशन) मिळते. मात्र फी घेऊन ‘हा शेअर घ्या, तो विका’ असा सल्ला देऊ नये, कारण त्यासाठी सेबीची स्वतंत्र नोंदणी लागते.

एक व्यावहारिक बाब अखेरीस. सेबीने २०१८ मध्ये ‘सब-ब्रोकर’ हा वर्ग रद्द केला, म्हणजे वडील आता कागदोपत्री ‘अधिकृत व्यक्ती’ असतील. मुख्य दलालाशी झालेला करार काढून दोन कलमे नीट वाचा: दलालीचा वाटा टक्केवारीत आहे की प्रति सौदा, आणि कंपनीने उद्या दरपत्रक बदलले तर त्यांचा वाटा आपोआप बदलतो का. दुसऱ्या कलमाचे उत्तर ‘हो’ असेल, तर दलालीवरचे उत्पन्न पुढच्या दोन-तीन वर्षांत अर्ध्यावर येईल असे धरूनच घरखर्चाची आखणी करा आणि वर सांगितलेल्या कामांसाठी जुन्या ग्राहकांची यादी आजच चाळायला घ्या.