विंडोजवर बिल्ड होणारा सी++ प्रकल्प उबुंटूवर का अडतो?

सांगलीच्या हळद सौद्यांच्या नोंदी ठेवणारा आपला प्रकल्प घरच्या विंडोज लॅपटॉपवर बिल्ड होतो, पण महाविद्यालयातील उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) हेडर फाइल (कोडमध्ये जोडली जाणारी घोषणांची फाइल) सापडत नाही आणि बिल्डची स्क्रिप्टही 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून थांबते, असे आपण लिहिले आहे. ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) पुन्हा इन्स्टॉल करून यातले एकही जाणार नाही.

आधी हेडरचे पाहू. लिनक्सची फाइल सिस्टिम कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करते, विंडोज सहसा करत नाही. त्यामुळे कोडमध्ये हेडर जोडणाऱ्या 'इन्क्लूड'च्या ओळीतील नाव आणि डिस्कवरील नाव अक्षरशः जुळवून पाहावे. मॅकही मूळ सेटिंगमध्ये हा भेद करत नाही, म्हणून मॅकवाल्या मित्राकडे चालले हा पुरावा धरू नये. नाव बदलताना गिटची (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) 'गिट एमव्ही' हीच आज्ञा वापरावी, कारण नावात केवळ कॅपिटल-स्मॉलचा बदल केलेला विंडोजवरील गिटच्या सहसा लक्षात येत नाही.

स्क्रिप्टचे कारण अधिक फसवे आहे. विंडोजवरील अनेक एडिटर ओळीच्या शेवटी १३ आणि १० या क्रमांकांची दोन अदृश्य चिन्हे ठेवतात, तर लिनक्सला फक्त १० अपेक्षित असते. त्यामुळे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतील 'बॅश' या, स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या (इंटरप्रिटरच्या) नावाला १३ क्रमांकाचे चिन्ह चिकटते आणि त्या नावाचा प्रोग्राम अर्थातच सापडत नाही. 'डॉस-टू-युनिक्स' हे साधन त्या फाइलवर एकदा चालवावे आणि गिट-ॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंग फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी (अशा बॅश स्क्रिप्टसाठी) ओळीचा शेवट 'एलएफ' (फक्त १० क्रमांकाचे चिन्ह) असा कायम करावा, म्हणजे पुढच्या सहकाऱ्याला हा त्रास होणार नाही.