एअरबॅग बसवताय? आधी हे वाचा
एअरबॅग (अपघातात फुगणाऱ्या नव्हेत, तर गाडीच्या मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) लावल्या म्हणून गाडीची वजन पेलण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. वजनाने मागची बाजू खाली दबत नाही, एवढंच.

खरी डोकेदुखी हवेच्या नळीची. ती धारदार ब्लेडने अगदी सरळ कापा. पक्कडीने चेपून कापली की जोडापाशी गळणारच. माझी पहिली नळी सायलेन्सरला टेकून वितळली होती, तेव्हा तिथून लांबूनच न्या. दोन्ही बॅगांना वेगळ्या नळ्या द्या, नाहीतर वळणावर हवा एकीतून दुसरीत पळते आणि गाडी जास्त कलते. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. रिकाम्या गाडीतही बॅगेत साधारण ५ पीएसआय हवा ठेवा.

बॅगेत हवा भरणारा कॉम्प्रेसर उंच, कोरड्या जागी. त्याचा फ्यूज बॅटरीजवळच. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी अधूनमधून सोडा.