नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : नमस्कार बाई. माझी लेक सातवीत आहे. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ असं करत ती वहीत नऊ एकांपर्यंत पोचली. तिच्या मते उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ यायला हवं. मी स्प्रेडशीटमध्ये करून पाहिलं, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आले. खरं कुणाचं? आणि दहा एक घेतले तर?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : लेकीचं खरं. आधी तिला शाबासकी द्या. एककाच्या घरात एक गुणिले एक एवढंच असतं, तिथे शून्य येईलच कसं? स्प्रेडशीट पंधरा अंकच नीट सांभाळते. ही संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटच्या दोन घरांत तिने शून्यं भरली.

आता चौकटीची वही घ्या. नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांतले एक मोजा. उजव्या कडेला एक, शेजारी दोन, मग तीन. मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एक. कुठेच हातचा येत नाही. नौपाड्यातल्या शाळेत मी हे फळ्यावर मांडायचे, तेव्हा मधल्या नऊपाशी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोठ्याने मोजू लागायची.

या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही वर्गच, १२३४५६७९ चा. (या संख्येत आठ नाही, हे लक्षात ठेवा.) स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. जन्म १९०५ चा, डहाणूचा. माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात. पुढे देवळालीला शाळामास्तर. हे मी दर वर्षी वर्गाला सांगायचेच, मुलांना आपल्या गावातला गणिती माहीत असायला हवा.

लेकीची १, १२१, १२३२१ ही माळही त्यांचीच. ‘डेम्लो संख्या’ हे नाव त्यांनी डेम्लो स्टेशनवरून दिलं, म्हणजे आजचं डोंबिवली. ऐरोलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलली की पोचलात. तिला एकदा घेऊन जा.

अवयव हवे असतील तर १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, शेवटची मूळ संख्या. त्यामुळे वर्गाचे विभाजक ४५.

दहा एकांची बेरीज मात्र तिलाच मांडू द्या. मधल्या रकान्यात दहा होतात : शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या नवाचे पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचा नऊ होतो आणि तिथे हातचा संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचत आलं की सातानंतर थेट नऊ.