टाइप १ असलेल्या मुलाचं किट ऑफिसच्या कपाटात ठेवू नका

तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला महिन्यापूर्वी टाइप १ डायबेटिस निघाला आणि शाळा म्हणतेय, ग्लुकोमीटर, ग्लुकोज सगळं ऑफिसात जमा करा, लागेल तेव्हा देऊ. हे वाचलं आणि राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही याला हो म्हणून बसलो होतो.

इन्सुलिनचे डोस, कार्ब मोजणं हे तुमच्या डॉक्टरांनी शिकवलं असेलच. त्यात मी पडत नाही, मी डॉक्टर नाही.

माझी चूक अशी की मी सगळं फक्त वर्गशिक्षिकेला, तेही तोंडी सांगितलं. बाई समजूतदार होत्या, त्यामुळे मी निर्धास्त झाले. त्या रजेवर गेल्या त्या दिवशी बदली बाई होत्या. पीटीच्या तासाहून आलेली माझी मुलगी घामाघूम झालेली, हात थरथरत होते. खेळून दमली असेल असं त्यांना वाटलं. ‘लो वाटतंय’, म्हणजे साखर उतरल्यासारखी वाटतेय, असं ती म्हणाल्यावर त्यांनी तिला एकटीला ऑफिसात पाठवलं. दोन जिने उतरून ती गेली, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे त्या बाहेर गेलेल्या. ती बाकावर बसून राहिली. मीटर हाती आलं तेव्हा आकडा होता ४१. मी जाब विचारला तर म्हणे, औषधं कुलपातच ठेवायचा नियम आहे. अहो, ग्लुकोज म्हणजे साखर! तिला औषध म्हणून कुलूप कसलं लावता? आजही तो बाक आठवला की पोटात गोळा येतो.

म्हणून किट दप्तरातच राहू द्या, आणि वर्गात ग्लुकोजचा आणखी एक डबा. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: रक्तातली साखर ७० च्या खाली म्हणजे लो, मुलाला जागेवरून हलवायचं नाही, एकटं तर मुळीच सोडायचं नाही, ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं. मोठ्यांना १५ ग्रॅम सांगतात, लहान मुलांना वजनानुसार कमी लागू शकतं, तो आकडा डॉक्टरांकडून घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (साखर झटकन वाढवणारं तातडीचं औषध) असेल आणि द्यायला कुणी शिकलेलं असेल तर द्यायचं, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. हे पान हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण बदली शिक्षक निदान हजेरीपट तरी उघडतात. एक प्रत पीटीच्या सरांना द्या.

शेजारी बसणाऱ्या मित्रालाही सांगा, असं माझं ठाम मत आहे. काही पालकांना आजार लपवावासा वाटतो. त्यांची भीती मला समजते, पण लो झालेल्या मुलाला कधी कधी स्वतःलाच बोलता येत नाही.

आणि हो, क्रीडादिनाच्या रात्री एकदा उठून शुगर बघा. खूप खेळल्यावर ती कित्येक तासांनीही उतरते.