चार वर्षांचा मुलगा ऐकत नाही, ऑनलाइन कोर्सने फरक पडेल का?

प्रश्न : ताई, आम्ही मेलबर्नला असतो. मुलगा 4 वर्षांचा आहे, जेवताना टॅब काढून घेतला की ताट भिरकावतो, मारायला धावतो. किंडरच्या (बालवाडीच्या) टीचरने ट्रिपल पी हा ऑनलाइन पॅरेंटिंग कोर्स सुचवलाय. नवरा म्हणतो, व्हिडिओ बघून पोरं सुधारतात होय? सासूबाई आल्यात, त्यांना त्याचं रडणं बघवत नाही, लगेच टॅब देतात.

उत्तर : अगं, कर तो कोर्स. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत मानसशास्त्रज्ञ मॅट सँडर्स यांनी उभा केलेला आहे, आणि 2022 पासून सरकारने पालकांसाठी फुकट केलाय. 8 मॉड्यूल आहेत, पोरगं झोपल्यावर करता येतात. पण नवऱ्याचंही अर्धं खरं आहे, नुसतं बघून काही होत नाही, बघितलेलं दुसऱ्या दिवशी करावं लागतं. फिनलंडमध्ये 4 वर्षांच्या मुलांच्या पालकांना असाच 11 आठवड्यांचा कोर्स दिला होता, त्यात दर आठवड्याला कोचचा फोन यायचा, आणि मुलांच्या वागण्यातला फरक वर्षानंतरही टिकलेला दिसला. तुला असा फोन येणार नाही, मग दर रविवारी नवऱ्यानेच विचारायचं, काय केलंस, कुठे अडलं. म्हणजे तोही आपोआप कोर्स करेल.

आता टॅबचं बघ. तो ओरडतो, टॅब मिळतो, घर शांत. तो शिकला ओरडलं की मिळतं, आणि मोठी माणसं शिकली की दिलं की सुटलो. अमेरिकेत ओरेगॉनला मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचं निरीक्षण करून हेच चक्र मांडलं, आजचे बरेचसे कोर्स त्याच्यावरच उभे आहेत. म्हणून जेवायच्या 5 मिनिटं आधी त्याच्याजवळ जाऊन बस, किचनमधून हाक मारू नकोस, नाव घेऊन एकदाच सांग, "हा व्हिडिओ संपला की टॅब बंद, मग हात धुवायला." केलंन तर लगेच, "सांगितल्याबरोबर बंद केलास, मला खूप आवडलं." नुसतं गुड बॉय नको, काय केलं ते बोलायचं, मराठीतच बोल.

पहिले काही दिवस तो जास्तच ओरडेल, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटेल सून पोराला छळतेय. त्यांना रागावू नकोस गं, उलट जेवताना गोष्ट सांगायचं काम त्यांनाच दे.

आणि तो बोलायलाच मागे असेल, स्वतःला मारून घेत असेल किंवा तुलाच रोज रडू येत असेल तर कोर्स संपायची वाट बघू नकोस, मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सला किंवा जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, भेट.