शिट्टीनंतरचा हात

बास्केटबॉलचा पंच म्हणून तू शिट्टी वाजवलीस की त्याच क्षणी हात सरळ वर गेला पाहिजे. फाउलला मूठ, ट्रॅव्हलिंगसारख्या (चेंडूचा टप्पा न पाडता पावलं टाकणं) नियमभंगाला उघडा पंजा. हा फरक आधी अंगात भिनू दे, कारण टायमर, म्हणजे घड्याळ सांभाळणारा, शिट्टीलाच घड्याळ थांबवतो, पण खेळ कशासाठी थांबला ते तुझ्या हातावरूनच कळतं.

फाउल असेल तर मग स्कोररच्या टेबलाकडे जा, पण चालता चालता खुणा करू नकोस. नीट उभा राहा. आधी खेळाडूचा नंबर, मग फाउलचा प्रकार, शेवटी फ्री थ्रो किंवा चेंडूची दिशा. नंबर 16 असेल तर हाताची मागची बाजू टेबलाकडे करून एक बोट, थोडं थांबून दोन्ही हातांनी सहा. नवे पंच घाई करतात ती इथेच. शिवाजीनगरच्या कोर्टावर संध्याकाळी असा गलका असतो की ओरडून सांगितलेलं स्कोररपर्यंत पोचत नाही. त्याला फक्त तुझी बोटं दिसतात.

ब्लॉकिंगला (वाट अडवणं) दोन्ही हात कमरेवर, चार्जिंगला (चेंडू घेऊन अंगावर धडकणं) मूठ पंजावर, हे लवकर जमेल. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, पद्धतीत मनगट धरून हात खाली ठेवला तर होल्डिंग (धरून ठेवणं), वर नेला तर अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून केलेला फाउल). ही जोडी मात्र आरशासमोर घोटून घे. हात छातीशीच अडकला तर दोन्ही कोच आपापला अर्थ काढतात आणि सामना तिथेच थांबतो.